‘जर’च्या पोटांत ‘जर’

गेल्या दिवाळींत माझी कन्या पुण्याहून चौसाळ्याच्या घरीं आली, तेव्हां कचेरींतील कामही बरोबर घेऊन आली. ओसरीवर बसून ती ‘सी’ भाषेंतील एक जुनी आज्ञावली वाचीत होती. मीं सहज डोकावलों, तों पानभर ‘जर’च ‘जर’! जर यंत्र अमुक जातीचें असेल तर पुढील ओळी घ्याव्या. त्यांतही जर अमुक सोय असेल तर... जन्मभर मुलांकडून इंग्रजी वाक्यांचें पृथक्करण करून घेणारा मी. पण इतकीं उपवाक्यें मिल्टननेंही एकांत एक कोंबलीं नसतील.

“याला कांहीं मर्यादा?” मीं विचारलें.

“आहे बाबा, पण ती लिहिणाऱ्यावर नाहीं.”

१९८९ च्या अमेरिकन प्रमाणानें असे आठ थर ठरविले. १९९९ च्या प्रमाणांत ते ६३ झाले. ही अट कंपायलरवर आहे. इतके थर तरी त्यानें मुकाट्यानें समजून घेतलेच पाहिजेत. पुढें त्याची मर्जी. ‘जीसीसी’ संगणकाच्या स्मृतींत जागा आहे तोंवर थकत नाहीं. दुसऱ्या एखाद्यानें चौसष्टाव्या थरावर हात टेकले, तर त्याला बोल लावतां येत नाहीं.

मला नवल वाटलें तें निराळ्याच गोष्टीचें. मजकूर आधीं प्रीप्रोसेसर नांवाचा कारकून चाळतो. एखादा ‘जर’ खोटा ठरला कीं त्याखालील सारें तो गाळतो. मात्र त्या गाळलेल्या भागांतले ‘जर’ही त्याला एकूण एक मोजावे लागतात. प्रत्येकाला शेवटीं आपापला ‘एंडिफ’ असतो. मोजणी चुकली तर आंतल्या ‘एंडिफ’लाच तो बाहेरचा समजेल, आणि टाकावयाचा मजकूर घेऊन बसेल.

आमच्या शेताच्या विक्रीची बोलणीं तेव्हां चालूं होतीं. उन्हाळ्यांत एकदां ती म्हणाली होती, “बाबा, जर विहिरीचें पाणी टिकलें, आणि त्यांत जर...” “टिकत नाहीं,” म्हणून मीं तिला तेथेंच तोडलें होतें. ती गप्प बसली. मीं तें विसरूनही गेलों होतों.

त्या रात्रीं जेवणें झाल्यावर मीं म्हटलें, “तुझें तें विहिरीचें राहिलेंच. सांग.”

तिनें पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. पहिला ‘जर’ मला आतांही खोटाच वाटत होता. तरी मी बोटें मोजीत राहिलों. पांचवें बोट संपल्यावर कोठें ‘तर’ आलें. आणि शेत विकूं नये, तें आपण पाहूं, असें तिच्या मनांत आहे, हें मला तेव्हां प्रथम कळलें.