पूर्ण हजेरी

2025 च्या जूनमध्ये मुंबईत, अंधेरीच्या शहाजी राजे भोसले क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीग झाली. सहा संघ, सात-सात खेळाडूंचे सामने, परदेशातले नावाजलेले व्यावसायिक खेळाडू आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून आपली पोरं. मी सगळे सामने टीव्हीसमोर बसून बघितले. फुटबॉल खेळलेल्या माणसाला आधी सगळं उलटंच वाटतं, कारण पुढं जायचं तर चेंडू मागं टाकायचा. पण धडक कळते, दमछाक कळते, आणि पडलेला गडी उठायच्या आधी कुठं बघतो तेही कळतं.

या खेळात पैसा कधी आला म्हणून वाचायला लागलो आणि एका जागी थांबलो. इंग्लंडच्या उत्तरेकडचे रग्बीपटू कोळशाच्या खाणीत आणि गिरण्यांत राबणारे. शनिवारच्या सामन्यासाठी काम सोडलं की तेवढ्या वेळची मजुरी बुडायची. बुडालेली मजुरी क्लबनं भरून द्यावी, एवढंच त्यांचं मागणं होतं. खेळण्याचे पैसे ते मागतच नव्हते. 1893 मध्ये रग्बी संघटनेनं ही मागणी फेटाळली. 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब जमले आणि संघटनेतून बाहेर पडले. बुडीत मजुरीपोटी दिवसाला 6 शिलिंगांपर्यंत द्यायचं त्यांनी ठरवलं. पुढं त्यातून रग्बी लीग हा वेगळा खेळच उभा राहिला. मागं राहिलेल्या रग्बी युनियननं हौशीपणाचा हट्ट शंभर वर्षं धरला. ऑगस्ट 1995 मध्ये पॅरिसच्या बैठकीत तो सुटला आणि रग्बी युनियनच्या खेळाडूला राजरोस पगार घेता यायला लागला.

अर्ध्या दिवसाच्या मजुरीवरून एक खेळ दुभंगला. हे वाचताना मला आमच्या मालकांची आठवण झाली. तिकडं ज्या प्रश्नावर बैठका आणि ठराव झाले, तो माझ्यापुरता एका माणसानं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, कुणाला न विचारता सोडवून टाकला होता.

मी टर्नर. आठवड्याच्या पगारावर लेथ चालवायचो. ऑइल इंजिनाचे बुश, व्हॉल्व्ह गाइड, कधी पंपाचे शाफ्ट. आणि आमच्या तालमीकडून हाफला खेळायचो. कोल्हापूरबाहेरच्या माणसाला तालीम म्हटलं की हौदा, लाल माती आणि लंगोट दिसतो. तो आहेच. पण पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, ऋणमुक्तेश्वर, जुना बुधवार ही तालमींची नावं इथल्या पोराला आधी फुटबॉलसाठी माहीत असतात. त्यांच्या जोडीला शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, संध्यामठ, फुलेवाडी. दिवाळी सरली की कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, म्हणजे के.एस.ए.च्या, लीगचे वेध लागतात, आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत शाहू स्टेडियमवर पेठांची ईर्ष्या चालते. या खेळानं आम्हाला जे दिलं ते दुसऱ्या कुठल्याच शहरात एखाद्या टर्नरला मिळालं नसतं. अनोळखी म्हातारा रस्त्यात थांबवून म्हणायचा, "परवा तुझा पाय आखडला व्हता का रं?" एवढ्या बारकाईनं माझ्याकडं माझ्या घरच्यांनीही कधी बघितलं नव्हतं.

पैसे मात्र नव्हते. तालीम जर्सी द्यायची, जमलं तर बूट, सरावानंतर अंडी आणि केळी. सामना चारला असला तरी दोनला तालमीत हजर व्हावं लागायचं. नारळ फोडायचा, पाया पडायचं, मग सगळ्यांनी मिळून निघायचं. म्हणजे दुपारी डबा खाल्ला की लेथकडं परत फिरायचंच नाही. अर्धा खाडा. महिन्यात तीन-चार सामने लागले की शनिवारच्या पाकिटातला फरक आईच्या चेहऱ्यावर दिसायचा. ती बोलायची नाही. किराणावाल्याची वही मात्र बोलायची. एका हंगामात मी ठरवलं की यंदा शेवटचं. पेठेत कुणाला सांगितलं नव्हतं.

सामना होता त्या दिवशी मी डबा खाऊन लेथवर आलो आणि जॉब लावला. मालक ऑफिसातून बाहेर आले.

"मॅच कवा हाय?"

"आज. चारला."

"मग हितं काय करतोयस?"

मी गप्प.

"मर्दा, पाय गार पडत्याल. जा."

"मालक, या महिन्यात खाडे लई झाल्यात."

"वही माझी हाय. तू तुझं बघ."

तेवढंच बोलून ते आत गेले. शनिवारी पाकीट उघडलं तर पगार पूर्ण. पुढच्या सामन्याच्या आठवड्यातही पूर्ण. मी विचारायला गेलो तर त्यांनी हातातल्या मायक्रोमीटरवरून नजरही उचलली नाही.

मालक मैदानावर कधी आले नाहीत. त्यांना फुटबॉलमधलं कळत होतं असंही मला वाटत नाही. गोल कुणी केला हे ते दुसऱ्या दिवशी इतरांकडून ऐकायचे. ते स्वतः शाळा अर्धवट सोडून मशिनवर आलेले. वाय. पी. पोवार, म्हादबा मेस्त्री यांची नावं ते घरातल्या थोरांची घ्यावीत तशी घ्यायचे. परदेशी इंजिन उघडून, बघून, तसंच्या तसं इथं उभं करणाऱ्या पिढीचा त्यांच्यावर वचक होता. कामात एक सूत इकडंतिकडं चालायचं नाही. माझ्या हातून जॉब रिजेक्ट झाला की भर शेडमध्ये बोलायचे, आणि आदल्या दिवशी मी सामना जिंकून आलोय याची त्यांना अजिबात भीड नसायची. म्हणूनच मला त्यांच्या वागण्याचा उलगडा होत नव्हता.

तो शेजारच्या ड्रिलवाल्यानं केला, तोही बऱ्याच उशिरा. हंगाम संपला होता, पाऊस लागला होता, आम्ही चहाला उभे होतो. तो सहज म्हणाला, "तू ग्राउंडला जातोस तवा तुझ्या मशिनवर म्हातारा सोता उभा ऱ्हातोय की." मला ठाऊकच नव्हतं. माझी हजेरी पूर्ण भरायची तर माझं काम पूर्ण व्हायला पाहिजे, म्हणून दुपारी दोनपासून सुटेपर्यंत ते माझा जॉब ओढायचे. साठीला आलेला माणूस, गुडघे दुखायचे, खाली लाकडी फळी टाकून त्यावर उभे राहायचे. दुसऱ्या कामगारांनी उद्या तोच हक्क मागितला तर बोट दाखवायला जागा राहू नये, हा त्यामागचा विचार असावा. वहीत खोटं लिहिलं नाही. माझ्या नावापुढं जेवढं काम पडलं ते खरंच त्या मशिनवर झालेलं होतं.

पुढं एका सामन्यात माझा गुडघा गेला. हंगामाचे उरलेले महिने मी बसून होतो. तेव्हा त्यांनी मला स्टुलावर बसवून टूल ग्राइंडिंग शिकवलं. कोन कसा काढायचा, धार कशाला किती द्यायची, हाय स्पीड स्टीलला पाणी कधी दाखवायचं. एरवी ते हे काम कुणाच्या हाती देत नसत. मी बरा होऊन परत खेळलो, पण पुढची सगळी वर्षं माझं घर त्या स्टुलावरच्या शिक्षणावर चाललं. खेळाडूच्या पायातला खेळ तिशीच्या पुढं संपतो आणि पोट चाळीस वर्षं बाकी असतं. अशा वेळी हातात काहीच नसलेले माझे कितीतरी सवंगडी मी बघितलेत. त्यांच्यातला एकही माझ्याहून कमी दर्जाचा खेळाडू नव्हता.

कोल्हापुरात खेळाडूसाठी स्वतःला तोशीस लावून घेणारी माणसं पूर्वीपासून आहेत. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपल्या विद्यार्थ्याला, खाशाबा जाधवांना, 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला पाठवण्यासाठी राहतं घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ही गोष्ट इथं शाळकरी पोरालाही पाठ आहे. ती सांगताना माझा ऊर दरवेळी भरून येतो, आणि एक गोष्ट मनात येते. त्या ऋणाला आकडा होता. आकडा असला की माणूस निदान फेडायला सुरुवात करू शकतो. माझ्या मशिनवर दुसऱ्यानं काढलेल्या दुपारींचा आकडा कुठून आणू? एकदा पगारवाढ झाल्यावर मी थोडे पैसे त्यांच्या टेबलावर ठेवले होते. त्यांनी ते उचलून तालमीच्या वर्गणीत घातले आणि पावती माझ्या नावाची फाडायला लावली.

आता दिवस बदललेत. आपल्या गावच्या रिक्षाचालकाचा मुलगा, अनिकेत जाधव, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडला, ऑक्टोबर 2017 मध्ये भारतात झालेल्या 17 वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून उतरला, आणि पुढं जमशेदपूर, हैदराबाद अशा संघांकडून इंडियन सुपर लीग खेळला. त्याचं पोट त्याच्या खेळावर आहे, आणि ते बघून मला जो आनंद होतो तो शब्दात मावत नाही. आमच्या लीगमध्येही आफ्रिकेतले खेळाडू येतात, तालमी हंगामाचे पैसे मोजतात. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण तालमीकडून पंधरा हंगाम खेळलेल्या पोराला त्याचा उपयोग नाही. गोकुळ शिरगावच्या किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत कंत्राटावर राबणारा आमचा आजचा हाफ सामन्याच्या दिवशी काय करतो, हे मी तालमीच्या प्रत्येक बैठकीत विचारतो. बाहेरच्या एका खेळाडूवर खर्च करण्याआधी आपल्या पोरांचे खाडे भरून द्या, असं मी म्हणतो. काहींना ते पटतं, काही जण विषय बदलतात. मी विचारणं सोडणार नाही.

गुडघ्यानं पुरतं ऐकेनासं केल्यावर मी खेळ थांबवला. मालकांना सांगायला ऑफिसात गेलो. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"बरं केलंस. आता मॅचच्या दिवशी काय करणार रं?"

"बघायला जाईन म्हणतो, मालक."

"बघायला?" त्यांनी चष्मा परत लावला. "मग खाडा पडंल."

पुढच्या हंगामात तालमीचा पहिला सामना बघून आलो, आणि त्या शनिवारच्या पाकिटात अर्ध्या दिवसाचे पैसे कमी होते.