पैसा आणि वाणी

निवडणुकीत पैसा खर्च करणे हे भाषणस्वातंत्र्याचेच एक अंग मानावे काय, हा प्रश्न प्रथमदर्शनी कायदेपंडितांचा वाटेल. परंतु आमच्या बीदर-कलबुर्गीच्या सीमाभागात तो अगदी व्यवहाराचा आहे. औराद, भालकी, बसवकल्याण वा आळंद येथे मते मागणाऱ्यास कन्नड, मराठी, उर्दू अशा अनेक भाषिकांशी बोलावे लागते. तांड्या-वाड्यांपर्यंत पोचायचे तर गाडी हवी, ध्वनिक्षेपक हवा, पत्रके हवीत. पदरी पैसा नसलेल्याची वाणी वेशीबाहेर जात नाही, हे मान्य केलेच पाहिजे.

याच आधारावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली निवडणूक खर्चावरील मर्यादा रद्द केल्या. देणग्यांवरील मर्यादा तेवढ्या राखल्या. इंग्लंडने मात्र १८८३ पासूनच उमेदवाराच्या खर्चास सीमा घातली आहे, आणि त्यामुळे तेथील वाणी मुकी झाली असे कोणी म्हणणार नाही.

आपल्याकडे १९७४ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने कंवरलाल गुप्ता खटल्यात, उमेदवाराच्या संमतीने पक्षाने त्याच्यासाठी केलेला खर्च त्याच्याच हिशेबात धरला पाहिजे, असे सांगितले. त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि पुढे कायदा दुरुस्त होऊन तो निर्णय निष्प्रभ झाला. २०२२ पासून कर्नाटकात लोकसभेच्या उमेदवारास ९५ लाख व विधानसभेच्या उमेदवारास ४० लाख रुपयांची मर्यादा आहे. पक्षाच्या खर्चास मात्र मर्यादा नाही. दाराला कुलूप लावावे आणि खिडक्या सताड उघड्या ठेवाव्यात, तशातला हा प्रकार!

शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील भोकरचे उदाहरण बोधप्रद आहे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्या गौरवपर मजकुराने वृत्तपत्रांची पाने भरली. तो मजकूर पैसे देऊन छापविल्याचा आरोप झाला. त्यांनी तो नाकारला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने हिशेबाचा खरेखोटेपणा तपासण्याचा निवडणूक आयोगाचा अधिकार मान्य केला. आयोगाने हिशेब सदोष ठरविला, पण त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा आदेश रद्द केला. व्यक्तीचा प्रश्न येथे संपला. वाचकाचा संपला नाही. बातमी कोणती आणि जाहिरात कोणती, हे त्याने ओळखावे कसे?

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरविताना सर्वोच्च न्यायालयाने भाषणस्वातंत्र्याच्याच कलमातून मतदाराचा जाणण्याचा हक्क काढला. आमच्या मते प्रश्नाची किल्ली येथेच आहे. स्वातंत्र्य बोलणाऱ्याचे तसेच ऐकणाऱ्याचेही असते. एकाच्या कर्ण्यापुढे इतरांचे शब्द बुडत असतील, तर ऐकणाऱ्याचा हक्क हिरावला जातो.

म्हणून मर्यादा असावी. ती पक्षांनाही लागू असावी. मात्र नुसती मर्यादा निर्धनास वाणी देत नाही. त्यासाठी शाळांची पटांगणे सर्व उमेदवारांच्या संयुक्त सभांना सरकारी खर्चाने मिळावीत, त्यांची निवेदने सर्व भाषांत सरकारनेच छापून घरोघरी पोचवावीत.

शाळेच्या ज्या खोलीत आम्ही मुलांना नागरिकशास्त्र शिकवितो, तीच मतदानाच्या दिवशी मतदान केंद्र होते. तेथे जमीनदाराचे आणि शेतमजुराचे मत एकच मोजले जाते. त्या खोलीतली समता रस्त्यावरच्या प्रचारातही थोडीफार उतरावी, एवढे मागणे अवाजवी ठरू नये.