नाडीवाली शॉर्ट्स!

ऑफिसचा गोवा प्लॅन शिजायला लागला की पहिली खरेदी कसली होते? सनस्क्रीन वगैरे नंतर. आधी ती गुडघ्यापर्यंतची, जास्वंदीच्या फुलांची, लांबूनही डोळ्यांत भरणारी बीच शॉर्ट्स! मग कळंगुटला घोटाभर पाण्यात उभं राहून फोटो काढायचे. झालं सर्फिंग.

पण यार, ही नुसती रंगीत बर्मुडा नाही. तिच्यामागे पक्का फंडा आहे. सर्फिंग करणारा आधी बोर्डवर पालथा पडून हात मारत लाटेपर्यंत जातो. बोर्डला पाय घसरू नये म्हणून मेण फासलेलं असतं, त्यावर मांड्या सोलवटतात. म्हणून लांबी. कमरेला इलॅस्टिक नाही, कारण लाट इलॅस्टिकला जुमानत नाही. त्याऐवजी सपाट पट्टा आणि आवळून बांधायला चक्क नाडी! कॅलिफोर्नियातलं कॅटिन जोडपं बोटींची कॅनव्हासची कव्हरं शिवायचं, त्यांनी त्याच दणकट कापडाच्या चड्ड्या सर्फर्सना शिवून दिल्या. ऑस्ट्रेलियात १९७३ मध्ये गॉर्डन आणि रेना मर्चंटनी घरीच शिवून विकायला सुरुवात केली, ती आजची बिलबाँग. मुलींसाठी खास अशी शॉर्ट्स रॉक्सीने आणली तेव्हा मात्र १९९३ उजाडलं होतं. तोवर पोरींनी बिकिनी सावरायची, नाहीतर पोरांची चड्डी घालायची.

हे १९९३ मला जरा जास्तच लागलं. आमचं गाव करमाड. जालना रोडवर, शेंद्रा एमआयडीसीच्या पुढे. समुद्र तीन-साडेतीनशे किलोमीटर लांब, पोहायला विहीर. काकांनी पाठीला डबा बांधून आम्हा सगळ्या भावंडांना शिकवलं. बाराव्या वर्षी माझं ते बंद झालं. कुणी ओरडलं नाही, फक्त विहिरीवर निघताना मला हाक मारणं थांबलं. एकदा सलवार-कमीजवर उतरून पाहिलं होतं. ओली सलवार पायांत गुंडाळते आणि खाली ओढते. फॅशन राहू द्या, जिवाशीच खेळ!

मागच्या दिवाळीला बॅगेत बोर्ड शॉर्ट्स घेऊन गेले. नेव्ही ब्लू, फुलंबिलं काही नाहीत. आधी काकांना दाखवली. त्यांनी कापड चोळलं, नाडी ओढून पाहिली.

"आमच्या पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीला बी हीच नाडी व्हती की. मुटका मारला तरी सुटायची न्हाई."

मग खिशाला भोक सापडलं. ते पाणी जायला आहे म्हटल्यावर गडी एकदम खूश. तरी शेवटी म्हणालेच, "काकूला इचार."

काकूची अट : उजाडता उजाडता जायचं, शेजारच्या मळ्यात माणसं यायच्या आत. वर ढगळ टी-शर्ट. डन! पंधरा वर्षांनी पायरीवरून मुटका मारला. पाणी गारढोण, पाय मोकळे. काका काठावर पाठ करून बसले होते, रस्त्याकडे लक्ष ठेवून.

शॉर्ट्स तासाभरात वाळली. दोरीवर काकूने तिच्यापुढे लुगडं वाळत घातलं होतं. बाजारात जाताना मी अजूनही जीन्सच घालते, उगाच बढाई कशाला मारा.

माझी पुतणी अकरा वर्षांची आहे. परवा फोनवर विचारत होती, "आत्या, तुझी ती चड्डी मला कमरेत सैल होईल का गं?"

तिला सांगितलंय, नाडी आहे.