मळी काढणारं यंत्र

आमच्याकडे खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय आहे म्हटलं की लोक ठरलेले तीन प्रश्न विचारतात. पाणी चौपाटीवरून आणता का? नाही, आरओच्या पाण्यात त्यासाठीच मिळणारं समुद्री मीठ कालवतो, लिटरला साधारण ३५ ग्रॅम. मासे पुढे खाणार का? नाही!! (आत्या, हे खास तुझ्यासाठी.) आणि तिसरा, त्या टाकीखालच्या कपाटातून सारखा कसला आवाज येतो? आजची पोस्ट या तिसऱ्या प्रश्नाबद्दल.

तो आवाज स्किमरचा. पूर्ण नाव प्रोटीन स्किमर. नाव ऐकून जिमवाल्यांचं काहीतरी असेल असं वाटतं, पण काम अगदी स्वयंपाकघरातलं आहे. साखरेचा पाक करताना आपण चमचाभर दूध घालतो, मग वर काळपट फेस येतो आणि तो डावाने काढून टाकतो. ती मळी. गुऱ्हाळात काहिलीतल्या रसावरची मळी काढतात तेही तेच. माशांनी टाकलेली घाण, उरलेलं खाणं, त्यांच्या अंगावरचा बुळबुळीतपणा, या सगळ्यातले काही पदार्थ पाण्यापेक्षा हवेला चिकटणं पसंत करतात. स्किमर पाण्यात लाखो बारीक बुडबुडे सोडतो, हे पदार्थ त्या बुडबुड्यांना धरून वर चढतात आणि फेस होऊन एका कपात जमा होतात. ही घाण पाण्यातच राहिली तर कुजून तिचा अमोनिया, मग नायट्राइट, मग नायट्रेट असा प्रवास होतो. स्किमर तो प्रवास सुरू व्हायच्या आधीच तिला बाहेर काढतो. हे खाऱ्या पाण्यातच नीट जमतं, कारण मिठामुळे बारीक बुडबुडे एकमेकांत पटकन मिसळून मोठे होत नाहीत. पावसाळ्यात कोकणात किनाऱ्यावर पिवळट फेसाचे गोळे लोळताना बघितले असतील ना? समुद्र स्वतःचा स्किमर स्वतःच चालवतो. अडीचशे लिटरच्या टाकीला मात्र तो विकत आणावा लागतो.

आमचा स्किमर २०१० सालचा. टाकी बाबांची. रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर त्यांनी हा उद्योग सुरू केला आणि त्याच वर्षी क्लाउनफिशची जोडी आली. (ज्यांनी २००३ चा 'फाइंडिंग नेमो' पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको.) हे मासे जन्मतः सगळे नर असतात, आणि जोडीतला जो वरचढ तो मादी होतो. आमच्याकडची मादी आकाराने दीडपट आहे आणि नवऱ्याला कोपऱ्यात दामटून ठेवते. यावर आमच्या घरात होणारे विनोद इथे लिहीत नाही. नीट सांभाळले तर क्लाउनफिश पाळलेल्या अवस्थेत वीस वर्षांच्या वरही जगतात. म्हणजे यंत्र थकलं, तरी ज्यांच्यासाठी ते आणलं ते अजून ठणठणीत.

प्रवाळ मात्र आम्ही कधीच ठेवले नाहीत. प्रवाळभित्ती बांधणारे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीला. बाबांचं म्हणणं, जे समुद्रात राहायला हवं ते समुद्रातच राहू दे, आपल्याला हे दोन पुरे.

गेल्या काही महिन्यांत कपातला फेस पातळ व्हायला लागला. पूर्वी दोन दिवसांत गडद चहासारखं आणि भयंकर वासाचं पाणी जमायचं, ते आता आठवड्यालाही फिकं सरबत. काचेवर शेवाळ वाढलं. नायट्रेट नेहमी दहाच्या आसपास असायचं ते चाळीसवर गेलं. पंप उघडला, व्हिनेगरमधे रात्रभर बुडवून क्षार काढले, तरी फरक नाही. पंपाच्या चाकावर सुयांसारखे बारीक दात असतात, हवा चिरून तिचे बुडबुडे करणारे. त्यातले अर्धे दात झिजून गेले होते. कपाच्या मानेला बारीक भेगा. ते मॉडेल कंपनीने कधीच बंद केलंय, सुटा भाग मिळत नाही.

खरं तर हे बाबांनी माझ्याआधीच ओळखलं होतं. २०१९ पासून काचबिंदूमुळे त्यांची नजर आक्रसत गेलीय. समोरचं थोडंसं दिसतं, बाजूचं काहीच नाही. मासे त्यांना आता नारिंगी हालचालीएवढे दिसतात. पण रोज सकाळी ते टाकीजवळ खुर्ची घेऊन बसतात आणि ऐकतात. वर्कशॉपमधे असताना लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगला लावायचं आणि मूठ कानाला, की आत काय बिघडलंय ते कळायचं. तोच कान. एक दिवस म्हणाले, "अगं, तो हवा खात नाहीये. नुसता फिरतोय."

तर नवीन घ्यायचा ठरला. मी चार रात्री बसून माहिती काढली. खोक्यावर लिहिलेल्या क्षमतेवर फार विसंबायचं नाही, पण दोन माशांच्या टाकीला राक्षसी स्किमरही नको, कारण पुरेशी घाणच नसेल तर फेस टिकत नाही. सम्पमधे पाण्याची उंची किती ते मोजायचं. नवे डीसी पंप वीज कमी खातात. आमचा जुना ३५ वॅटचा, नवा १५ चा, म्हणजे वर्षाला पावणेदोनशे युनिटची बचत. आणि सगळ्यात मोठी जाहिरात कशाची? आवाज अजिबात नाही!

मी हे मोठ्या उत्साहाने बाबांना वाचून दाखवलं. ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग चालू आहे की बंद, ते मला कसं कळणार?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपल्याला आवाज म्हणजे त्रास, आणि यंत्र मुकं झालं की आपण त्याला प्रगती म्हणतो. ज्याला दिसतं त्याला ते परवडतं. बाबांसाठी कुकरची शिट्टी, पंख्याची कुरकुर, लिफ्टचं दार ही घराची घड्याळं आहेत. टाकीतलं तर बाकी सगळं गेलंच होतं, आवाज तेवढा उरला होता, आणि मी तो काढून घ्यायला निघाले होते तेही पैसे देऊन. पण जुना चालू ठेवायचा तर पाणी बिघडणार. त्या दोन म्हाताऱ्या माशांना बाबांच्या सवयीची किंमत मोजायला लावणं त्यांनाही पटत नव्हतं. शेवटी त्यांनीच निकाल दिला, "आण. मासे आधी."

नवीन स्किमर आला. पहिले चार दिवस नुसतं पाणी घुसळत होता. नव्या प्लास्टिकवर कारखान्यातला तेलकटपणा असतो, तो जाईपर्यंत फेस बसत नाही, हे वाचून ठेवलं होतं म्हणून धीर धरला. घरात खरोखरच शांतता झाली, आणि बाबा सकाळी खुर्ची घेऊन बसेनासे झाले.

मग त्यांनीच एकदा विचारलं की हवा आत कुठून जाते. मी त्यांचा हात धरून नळी दाखवली. नळीच्या टोकाला एक छोटी डबी होती. बोटांनी चाचपून म्हणाले, "हा सायलेन्सर. काढ बघू." काढला. हवा ओढली जाताना बारीक सूंऽऽ असा आवाज यायला लागला. पूर्वीसारखी घरघर नाही, कोणीतरी शांतपणे श्वास घेत असल्यासारखा. बाबा म्हणाले, "हां. आता कळतंय."

डबी काढल्याने यंत्राचं काही बिघडत नाही. नवऱ्याला पाहुणे आले की तो आवाज खटकतो, पण त्याने दोन दिवसांत टीव्हीचा आवाज एक पॉइंट वाढवून प्रश्न मिटवला.

पाचव्या दिवशी कपात गडद तपकिरी मळी आली. बाबांना रंग दिसत नाही, त्यांनी झाकण काढून वास घेतला, तोंड वेंगाडलं आणि खूश होऊन म्हणाले, "अस्सल!" कप धुण्याचं काम तेव्हापासून परत त्यांच्याकडे गेलंय. वासाबद्दल तक्रार असल्यास थेट त्यांनाच फोन करावा, दुपारी चारनंतर :-)