धुळीत का नेली?

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच्या माणसाने मला हे विचारलं त्याला वर्ष होऊन गेलं, पण अजून आठवलं की डोकं तापतं. गाडी कसली? जिच्या जाहिरातीत एक पोरगा धुळीचे लोट उडवत डोंगर चढतो! कंपनीचं नाव घेत नाही, सगळ्यांच्याच जाहिराती तशा.

शेत अंबडहून शहागडच्या बाजूला. जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या कडेने जायचं, मग पांदण. पावसाळ्यात काळी माती चाकाला धरते म्हणून उंच गाडी घेतली. हिवाळ्यात अंकुशनगरचा कारखाना पेटला की उसाचे ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या, तीच माती दळून ठेवतात. फुफाटा घोट्याएवढा.

तर गाडी निळा धूर टाकायला लागली, ऑइल पिऊ लागली. इंजिन उघडलं, रिंगा गेलेल्या, बोअरवर उभे ओरखडे. वॉरंटी मागितली. "आत धूळ गेलीय, वॉरंटीत बसत नाही. धुळीत का नेली?"

मी सगळ्या सर्व्हिसिंगची बिलं काउंटरवर मांडली. प्रत्येकावर 'एअर फिल्टर क्लीन', आणि त्याचे पैसे घेतलेले. फिल्टर होता तेल लावलेला कागदी. तो साफ करायचाच नसतो, बदलायचा असतो. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत तसं छापलंय. हे लोक कॉम्प्रेसरची नळी लावून हवा मारायचे. जोराच्या हवेने तेल निघून जातं, कागद फाकतो. वरून चकाचक, कामाला चाळणी. मी पुस्तिकेतलं ते पान काढून दाखवलं. त्याने वाचलं, पुस्तिका मिटली आणि माझ्याकडे सरकवली. "सर, हे नॉर्मल रोडवर चालवणाऱ्यांसाठी." म्हणजे गाडी विकायची खडकाळ रानासाठी, पुस्तिका द्यायची डांबरी रस्त्याची! मॅनेजर मीटिंगमध्ये. मेल करा म्हणाले, केला. उत्तरात 'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत'. ग्राहक आयोगात जा, असं जो तो सांगतो. जालन्याच्या तारखा करायच्या की तूर काढायची? बोअरचं काम पदरच्या पैशाने केलं.

मग फिल्टर शोधायला लागलो. संभाजीनगरचे मित्र म्हणाले, सुती जाळीचा तेलकट फिल्टर टाक, के अँड एनसारखा, पिकअप वाढतो. वाढतही असेल. पण हवा मोकळी सोडणारा फिल्टर बारीक धूळही मोकळी सोडतो, हे कुणी बोलत नाही. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड. रिंगांना घासतात ते 5 ते 20 मायक्रॉनचे कण, डोळ्याला न दिसणारे. फिल्टरची चाचणी घ्यायला जगभर जी प्रमाणित धूळ वापरतात तिचं नाव 'ॲरिझोना डस्ट'. एखादं पोतं आमच्या पांदणीचंही पाठवावं म्हणतो.

डोकं चाललं ते बसस्टँडजवळच्या ट्रॅक्टर मिस्त्रीचाचांचं. त्यांनी एका जुन्या ट्रॅक्टरच्या एअर क्लीनरची तेलाची वाटी उलटी केली. खाली बोटभर चिखल. "तेलाला माती चिकटती, भाऊ. कोरड्यानं काय व्हतंय?" मोटोक्रॉसवाले वापरतात त्या फोम फिल्टरचं तत्त्व हेच. बाहेर जाड छिद्रांचा थर, आत बारीक, दोन्ही चिकट तेलात भिजवलेले. डकार रॅलीत असे फिल्टर रोजच्या रोज बदलतात.

फोमच घेतला. धुवायला पेट्रोल वापरू नका, थरांमधला चिकटा सुटतो. रॉकेल आता मिळत नाही, डिझेल चालतं. मग साबणाच्या पाण्यात दाबून काढायचा, पिरगाळायचा नाही, सावलीत वाळवायचा. फोमचं तेल वेगळं मिळतं, तेच घ्या; इंजिन ऑइल गळून खाली बसतं. बसवताना कडेला ग्रीस लावायचं, कारण धूळ फोममधून कमी आणि फटीतून जास्त जाते. खात्री करायची तर बॉक्समध्ये इंजिनच्या बाजूने बोट फिरवून बघा. बोटाला माती लागली तर कितीही महागाचा फिल्टर असो, कामाचा नाही.

आता खरं सांगायचं तर कागद वाईट नव्हता. नवा कागद बारीक धूळ फोमपेक्षाही चांगली अडवतो. पण आमच्या हिवाळ्यात तो बघता बघता भरतो, आणि नवा आणायचा तर जालना गाठावं लागतं. मागच्या महिन्यात धाकट्याने तसलीच गाडी घेतली. तिला फोम टाकू दिला नाही. तो काही धुणाऱ्यातला नाही. कागदीच ठेवला, दोन जास्तीचे आणून घरात ठेवलेत, आणि सर्व्हिसिंगला गाडी दिली की आधी फिल्टर काढून खिशात घाल, असं त्याला बजावलंय.