फोटोखालची ओळ

8 मे 2020 च्या सकाळी एक फोटो महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक फोनवर येऊन पडला. रेल्वेचे रूळ, मधली खडी आणि खडीवर विखुरलेल्या चपात्या. आसपास चपला, कपडे. माणूस एकही नाही. जालन्याच्या स्टील कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातले मजूर लॉकडाऊनमध्ये रुळांच्या कडेकडेनं चालत निघाले होते. भुसावळहून गावाकडे जाणारी गाडी मिळेल, अशी त्यांना आशा होती. करमाडजवळ थकून ते रुळांवरच टेकले. गाड्या बंद आहेत असा त्यांचा समज. पहाटे मालगाडी आली. 16 जण गेले.

मी तेव्हा पुण्याची खोली सोडून सेनगाव तालुक्यातल्या आमच्या गावी आलो होतो. दिवसभर गच्चीवर रेंज शोधत कंपनीचं काम करायचो. घरच्या ग्रुपवर तो फोटो आला, तेव्हा आजीनं माझ्या हातातून फोन घेतला, लांब धरून बराच वेळ पाहिला आणि विचारलं,

"कुठल्या गावची हायत ही लेकरं?"

"मध्य प्रदेशातली, आजी."

"मध्य प्रदेश म्हंजी काय गाव हाय का?"

मी बातमी उघडून जिल्ह्यांची नावं वाचून दाखवली. शहडोल, उमरिया. तिचं समाधान झालं नाही. तिला गाव हवं होतं.

आमच्याकडे अनोळखी माणसाला नाव नंतर विचारतात, आधी गाव विचारतात. एसटीत, दवाखान्याच्या रांगेत, हिंगोलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उतरत असताना. गाव कळलं की नदी कळते, जमीन कळते, सोयरे-पाव्हणे निघतात. जातही कळते, हा प्रश्न नेहमीच निरागस नसतो. पण उत्तर मिळालं की समोरचा माणूस कुठेतरी रुजलेला आहे, एवढं पक्कं होतं. त्या सकाळी आजीला मेलेल्यांचं तेवढं तरी पक्कं करायचं होतं.

तिला स्वतःला हा प्रश्न कुणी विचारला की ती सासरचं गाव सांगते आणि पुढे म्हणते, "माहेर व्हतं." आहे नाही, होतं. पूर्णा नदीवर येलदरीचं धरण बांधलं गेलं, खाली औंढा नागनाथ तालुक्यात सिद्धेश्वरचं. 1968 च्या सुमारास दोन्ही पूर्ण झाली आणि तिचं माहेर येलदरीच्या पाण्यात गेलं. ती जन्मली तेव्हा तो भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. 1956 मध्ये तो मुंबई राज्यात गेला, 1960 मध्ये महाराष्ट्रात. 1 मे 1999 ला परभणीतून वेगळा होऊन आमचा हिंगोली जिल्हा झाला. म्हणजे एकाच जागी बसून तिनं तीन राज्यं आणि दोन जिल्हे पाहिले. ज्या एका बदलात माणसांना खरोखर उठावं लागलं, त्याचा मात्र आमच्या घरात एकही कागद नाही, फोटो तर नाहीच. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा 1976 मध्ये आला. तोवर तिच्या माहेरच्या दारांच्या चौकटी, वासे आणि मोट बैलगाडीत भरून केव्हाच नव्या जागी पोचल्या होत्या.

मी इंटरनेटवर शोधलं. मला धरणाचे फोटो मिळाले. भिंत, दरवाजे, पावसाळ्यात सोडलेलं पाणी. बुडालेल्या गावांपैकी एकाचाही, गाव असतानाचा फोटो मिळाला नाही. त्या काळात पेपरात फोटो छापायचा तर आधी त्याचा धातूचा ब्लॉक करून घ्यावा लागायचा. तो खर्च नदीकाठच्या दोनशे घरांसाठी कोण करणार?

बुडालेली गावं आता पेपरात येतात ती उन्हाळ्यात. उजनी धरणाचं पाणी खूप खाली गेलं की पळसदेवचं जुनं पळसनाथाचं मंदिर उघडं पडतं. होड्यांतून लोक पाहायला जातात, फोटो सुंदर येतात. 2019 मध्येही आले, त्यानंतरच्या टंचाईतही आले. खाली मंदिराची माहिती असते, बांधणीची शैली असते. असा एक फोटो मी आजीला दाखवला. ती म्हणाली, "देऊळ हाय म्हंजी माणसं बी आसतीलच की. ती कुठं गेली, ते नाही का लिवलं?"

आजी फोटोत जे शोधत होती, त्याला माझ्या कामात एक रटाळ नाव आहे. मेटाडेटा. मी एका अ‍ॅपमध्ये फोटो अपलोड होणं, लहान करणं, दाखवणं या भागावर काम करतो. आमच्यासाठी फोटो म्हणजे फाईल. फोटो काढला की कॅमेरा फाईलमध्ये तारीख, वेळ, लेन्स आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांशही लिहून ठेवतो. याला एक्झिफ म्हणतात. बातमीच्या फोटोत याशिवाय आणखी काही रकाने भरायची पद्धत आहे: फोटोग्राफर कोण, शहर कोणतं, फोटोत कोण आहे, काय चाललंय. हा आयपीटीसी नावाचा मेटाडेटा. जगभरच्या वृत्तसंस्था तो वापरतात.

आता तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीनं पाठवून बघा. समोरच्याच्या फोनमध्ये पोचते ती नवीन, लहान केलेली फाईल. आतली ही सगळी माहिती गळालेली असते. यात एक फायदाही आहे: तुमच्या घराचं लोकेशन कुणाला जात नाही. पण बातमीच्या फोटोचं गाव आणि दिवस, दोन्ही जातात. मग एका ठिकाणच्या पुराचा फोटो दुसऱ्या ठिकाणचा म्हणून फिरतो, दहा वर्षांपूर्वीची निर्वासितांची रांग आजची म्हणून येते. फोटोतली माणसं एकदा स्वतःच्या गावातून उठतात आणि दुसऱ्यांदा स्वतःच्या फोटोतून.

हे फक्त फोनचं पाप नाही. 1936 च्या मार्चमध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथं डोरोथिया लांग या फोटोग्राफरनं वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या छावणीत एका आईचा फोटो काढला. कपाळावर आठ्या, हनुवटीपाशी हात, दोन्ही खांद्यांवर तोंड लपवलेली मुलं. 'मायग्रंट मदर' म्हणून तो तुम्ही पाहिला असेल. लांग सरकारी खात्यासाठी काम करत होत्या. त्यांनी बाईंचं वय विचारलं, 32. नाव विचारलं नाही. फोटो पेपरात आला, खळबळ उडाली आणि सरकारनं त्या छावणीकडे काही टन अन्न रवाना केलं. ते पोचेपर्यंत हे कुटुंब कामाच्या शोधात पुढे निघून गेलं होतं. जगाला त्यांचं नाव कळलं 1978 मध्ये: फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन. त्यांना त्या फोटोतून एक पैसा मिळाला नव्हता आणि तो काढला नसता तर बरं, असं त्यांचं मत होतं.

हा किस्सा मला अस्वस्थ करतो, कारण फोटोनं खरंच काम केलं. शेकडो लोकांना खायला मिळालं. फक्त फोटोत जी होती, तिला नाही.

आपल्याकडचं जवळचं उदाहरण मार्च 2018 चं. नाशिकहून मुंबईला सुमारे 180 किलोमीटर चालत आलेला किसान लाँग मार्च. लाल टोप्यांचा समुद्र आणि सोलवटलेल्या, रक्ताळलेल्या तळपायांचे फोटो. त्या तळपायांनी मुंबईला हलवलं. लोक पाणी, बिस्किटं, चपला घेऊन रस्त्यावर उभे राहिले. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. आमच्या हॉस्टेलमध्ये ते फोटो सगळ्यांच्या स्टेटसला होते. त्यातले बरेच जण आदिवासी शेतकरी होते आणि 2006 च्या वनहक्क कायद्यानं कसत असलेली जमीन आपल्या नावावर व्हावी, ही त्यांची एक मुख्य मागणी होती. म्हणजे ते आपल्या गावातून उठावं लागू नये म्हणून चालत आले होते. हे हॉस्टेलमधल्या किती जणांना ठाऊक होतं? तळपायाच्या फोटोत सातबारा दिसत नाही. तो खालच्या ओळीत लिहावा लागतो.

आता माझ्या एका मित्राबद्दल. सातवीपर्यंत आम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत एका बाकावर बसायचो. तो तांड्यावरचा, बंजारा. दसरा झाला की बाकावरची त्याची जागा रिकामी व्हायची आणि होळीनंतर भरायची. आई-वडील ऊसतोडीला जायचे, तो सोबत. सातवीनंतर ती जागा रिकामीच राहिली. आता तो आणि त्याची बायको जातात. मुकादमाच्या हिशोबात नवरा-बायको मिळून एक कोयता.

काही वर्षांपूर्वी त्यांची ट्रॉली निघाली त्या दिवशीचा फोटो एका पेपरात आला. त्यानं मला तो पाठवला. फोटोत त्याची आई होती, एकटी. काचळी-फेटिया, आरसे, हातभर बांगड्या, मागे भांड्यांचं गाठोडं. खाली ओळ: 'पोटासाठी वणवण'. ट्रॉलीत आईच्या एका बाजूला तो बसला होता, जीन्समध्ये. दुसऱ्या बाजूला बायको, साडीवर त्याचा शर्ट घालून, मोबाईल बघत. दोघंही कापले गेले होते. तांड्यावर आता असा पोशाख रोज घालणाऱ्या बायका म्हाताऱ्याच उरल्यात. पण फोटोला त्याच लागतात.

मी फोन केला. तो चिडला नव्हता, हसत होता.

"वणवण करतो का रे आपण? मुकादमाची उचल घेतलेली हाय, कारखाना ठरलेला हाय, फड ठरलेला हाय. परत यायची तारीख तेवढी ठरलेली नाही."

"फोटो काढणाऱ्यानं काही विचारलं नाही?"

"काय इचारणार? म्हणला, आजी, हिकडं बघा."

त्याचं नाव मी इथं लिहिलेलं नाही. तोच म्हणाला, लिहू नको, मुकादमही फोनवर वाचतो. आजीच्या माहेरचं नावही लिहिलेलं नाही, कारण वर वसवलेल्या गावाला तेच नाव आहे. "लोक नवं गाव समजतील," ती म्हणाली. दोघांकडे कारणं होती आणि विचारल्याशिवाय ती कळली नसती. फोटोखाली नाव हवंच, असा माझा हट्ट नाही. विचारलं पाहिजे, एवढाच आहे. कुठून, कुठे, कशासाठी, परत कधी. चार प्रश्न. ट्रॉली सुटायला त्याहून जास्त वेळ लागतो.

एप्रिल 2020 मध्ये तो पश्चिम महाराष्ट्रात कारखान्याजवळ अडकला होता. गाळप संपत आलेलं, जिल्ह्यांच्या सीमा बंद. त्या महिन्याच्या मध्यात सरकारनं सव्वा लाखाहून जास्त ऊसतोड कामगारांना घरी जायची परवानगी दिली, तेव्हा तो आला. गावाबाहेर 14 दिवस काढले आणि मग एका दुपारी आमच्या गच्चीवर येऊन त्यानं मला फोनची गॅलरी दाखवली. मला वाटलं होतं, हाल दिसतील. होते, पण थोडे. कोपीच्या दारात मुलीचा वाढदिवस, उसाच्या मोळीवर ठेवलेला केक. वाढ्यांच्या भाऱ्यावर बसून बायकोनं काढलेले सेल्फी. कारखान्याच्या गेटवरचा पुतळा. आणि मग, एकामागून एक, एकसारखे वाटणारे किती तरी फोटो. चुरगळलेले, पिवळट, अंगठ्यानं दाबून धरलेले कागद.

त्या वजनकाट्याच्या पावत्या होत्या. हंगाम संपला की मुकादमाच्या वहीतले टन आणि याच्या डोक्यातले टन जुळत नाहीत. म्हणून तो प्रत्येक खेपेची पावती मिळाली की फोटो काढतो. आजवर या विषयावर जे काही फोटो मी पाहिलेत, त्यात खाली ओळ लिहायची गरज नसलेले तेवढेच. तारीख, गाडीचा नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन.

"हे डिलीट होऊ देऊ नको," तो म्हणाला. "कुठं टाकून ठिवता येतंय का बघ."

मी त्याच्या फोनवर बॅकअप सुरू करून दिला. मूळ आकारात, तारखेसकट.