घेरदार पांढऱ्या कापडाच्या मागावर: ग्रीसहून ताईला पत्रे

अथेन्स, रविवार रात्र

ती. सौ. ताईस,
सा. नमस्कार.

तू आयुष्यभर शिवणयंत्रावर बसलीस, म्हणून इथल्या कपड्यांबद्दल आधी तुलाच लिहितो. बाकीच्यांना समुद्राचे आणि देवळांचे फोटो पाठवले आहेत.

सिंतग्मा चौकात संसदेची मोठी इमारत आहे. मुळात हा राजवाडा, 1843 साली पुरा झालेला. त्याच्या पुढ्यात अज्ञात सैनिकाचे स्मारक आहे. तिथे दोन जवान रात्रंदिवस पहारा देतात आणि दर तासाला जोडी बदलते. रविवारी सकाळी अकराला मात्र सगळी तुकडी बँडसह चालत येते, पूर्ण समारंभी पोशाखात. या जवानांना एव्झोन म्हणतात. ते सक्तीच्या लष्करी सेवेत आलेल्या मुलांमधून निवडलेले असतात, आणि प्रत्येकाची उंची सहा फुटांच्या वर.

आता पोशाख. कमरेला फुस्तानेला, म्हणजे गुडघ्याच्या वर संपणारा शुभ्र सुती घागरा. त्याला सुमारे तीस मीटर कापड लागते. लांब त्रिकोणी कळ्या एकमेकींना जोडत जायच्या, वर अरुंद, खाली रुंद. मग कमरेपाशी सगळा घेर दाटून बसतो आणि खाली तो आपोआप उभा राहतो. वर रुंद बाह्यांचा पांढरा सदरा. त्यावर फेर्मेली, म्हणजे जरीने भरलेली बंडी. ती हाताने भरली जाते आणि एकीला कित्येक महिने जातात. पायात पांढरे लोकरी मोजे, गुडघ्याखाली काळे गोंडेदार बंद. डोक्यावर लाल टोपी, तिला खांद्याखाली लोंबणारा काळा रेशमी झुबका. आणि पायातल्या लाल चामड्याच्या त्सारूखिया! टोकाला काळा गोंडा, तळाला साठेक खिळे, जोडीचे वजन तीन किलोंच्या आसपास. पाय संथपणे वर जातो, क्षणभर हवेत थांबतो आणि मग संगमरवरावर खिळे वाजतात. तासभर पुतळ्यासारख्या उभ्या राहिलेल्या पायांत रक्त फिरावे म्हणून ही चाल इतकी संथ, असे इथे सांगतात.

पहाऱ्यावरच्या जवानाला हलता येत नाही, बोलता येत नाही. त्याच्याबरोबर साध्या गणवेशातला एक सहकारी असतो. तो मध्येच पुढे येऊन झुबका सरळ करतो, घागऱ्याची चुणी नीट बसवतो, कपाळावरचा घाम पुसतो. मला ही क्रिया सगळ्या संचलनापेक्षा मोलाची वाटली. राष्ट्राच्या स्मारकासमोर एक जवान दुसऱ्याच्या चुण्या नीट करतो आहे, आणि दोघांनाही त्यात काही कमीपणा वाटत नाही.

पण माझ्या शेजारचे काही पर्यटक हसत होते. "मिनीस्कर्टातले शिपाई" असे एक जण मोठ्याने म्हणाला आणि बाकीच्यांनी फोन वर केले. मला राग आला, ताई. तीन किलोंचे जोडे आणि सव्वाचार किलोंची रायफल घेऊन उन्हात न हलता उभे राहणे काय असते, हे त्यांना कळत नाही असे नाही. त्यांना पुरुषाच्या अंगावरचा घेर तेवढा दिसतो, आणि तो दिसला की पुढचे काही दिसत नाही. आपल्याकडे पहाटे दारात येणाऱ्या वासुदेवाचा घोळदार झगा पाहून आजी सुपातले धान्य घेऊन उठायची; तिच्या मनात हसू कधी आले नाही.

नाफ्प्लिओ

ताई,

हे समुद्राकाठचे छोटे गाव एके काळी नव्या ग्रीसची राजधानी होते. 1833 साली बव्हेरियाचा सतरा वर्षांचा राजपुत्र ओटो राजा म्हणून इथेच उतरला. त्याच्याबरोबर बव्हेरियन सैन्य आणि युरोपीय गणवेश आले. आठ-दहा वर्षे डोंगरांत तुर्कांशी लढलेल्या अनेक जुन्या लढवय्यांना ते पाटलोणीचे सैन्य मानवले नाही. ते फुस्तानेला नेसून लढले होते, आणि लढाईत जे अंगावर होते ते शांततेत उतरवा म्हणणे म्हणजे लढाईच विसरा म्हणणे.

पुढे नवल घडले. ओटोने स्वतःच फुस्तानेला घातला. दरबारात, चित्रांत, समारंभांत तो त्याच वेषात दिसू लागला. 1862 साली त्याला गादी सोडून परत जावे लागले, तरी बाम्बर्गमध्ये त्याने तो पोशाख टाकला नाही. 1867 मध्ये तो वारला आणि म्युनिकमध्ये त्याला त्याच पोशाखात पुरले. राज्य गेले तरी ज्याने वेष सोडला नाही, त्याने तो नुसता राजकारणासाठी चढवला असेल असे मला वाटत नाही.

इथे एक उत्तम संग्रहालय आहे, इओआना पापांदोनिऊ यांनी 1974 मध्ये उभारलेल्या पेलोपोनीजच्या लोकसंस्कृती प्रतिष्ठानाचे. तू असतीस तर दिवसभर बाहेर आली नसतीस. जुने पोशाख जवळून पाहिले की लक्षात येते, पहारेकऱ्यांचा आखूड, कडक घागरा हे नंतरचे रूप. स्वातंत्र्ययुद्धाच्या काळचा फुस्तानेला अधिक लांब आणि सैल होता, चालण्या-चढण्याचा, मळणारा, रोजचा.

आणि तो एकट्या ग्रीकांचा नव्हता. अल्बानियन लोक तो घालत. तिथूनच तो दक्षिणेकडे पसरला असे बहुतेक अभ्यासक मानतात. इंग्रज कवी लॉर्ड बायरन 1809 मध्ये अली पाशा या अल्बानियन सत्ताधीशाच्या मुलखात गेला तेव्हा त्याने आईला पत्र लिहून अल्बानियनांच्या या पांढऱ्या घेराचे आणि जरीच्या बंड्यांचे कौतुकाने वर्णन केले. उलट बेटांवरचे ग्रीक खलाशी फुस्तानेला घालत नसत. त्यांची व्राका, म्हणजे घोळदार चोळणा. समुद्रावरची लढाई त्यांनी त्या चोळण्यात केली. म्हणजे हा पोशाख डोंगरातल्या माणसांचा. राष्ट्राचा तो मागाहून झाला. राजधानीतल्या पहाऱ्याच्या तुकडीचा इतिहास 1868 पासून मोजतात. पण सगळ्याच ग्रीकांचा पोशाख फुस्तानेला नव्हता, हे ही तुकडी अजूनही विसरलेली नाही: काही प्रसंगी तिचे जवान क्रीटचा चोळणा किंवा काळ्या समुद्राकाठच्या पोंतोस भागातल्या ग्रीकांचा काळा वेष घालतात.

घागऱ्याला चारशे चुण्या असतात आणि त्या तुर्की सत्तेच्या चारशे वर्षांच्या, असे प्रत्येक वाटाड्या सांगतो. कॉन्स्टंटिनोपल पडले 1453 साली, उठाव झाला 1821 साली. वजाबाकी तू कर. शिवाय तुर्की अमलातच ज्यांनी हे कपडे शिवले, ते वर्षे मोजत चुण्या घालत नसणार. तरीही मला ही समजूत खोडावीशी वाटत नाही. इस्त्री करणारा मुलगा प्रत्येक चुणीला एक वर्ष मानत असेल, तर त्याचा हात नक्कीच जपून फिरत असेल.

डेल्फी

ताई, हे पत्र छोटे. दिवसभर चढण चढून पाय दुखताहेत.

इथल्या संग्रहालयात काशाचा एक सारथी उभा आहे. इसवी सनापूर्वी सुमारे 475 चा, माणसाच्या उंचीचा, 1896 मध्ये उत्खननात सापडलेला. रथाची शर्यत जिंकून मिरवणुकीत उभा असलेला हा तरुण घोट्यापर्यंतचा लांब खितोन, म्हणजे प्राचीन ग्रीक अंगरखा, घालून आहे. कमरेच्या बराच वर पट्टा, खांद्यांवरून आणि काखेतून फिरवलेली दोरी. वेगात वाऱ्याने कापड फुगू नये म्हणून. पट्ट्याखाली कापड सरळ, खोल पन्हळींत उतरते. वरच्या भागात मात्र प्रत्येक सुरकुती वेगळी. ओतकाम करणाऱ्या कारागिराने कापड हातात घेऊन पाहिलेले आहे, यात शंका नाही. रथाच्या कठड्याआड जो भाग झाकला जायचा, तिथेही त्याने हात आखडता घेतलेला नाही.

व्होलोस

ताई,

इथून जवळच अनाकासिया नावाचे गाव आहे. तिथे कोंदोस नावाच्या घराण्याच्या जुन्या घराच्या भिंती थेओफिलोस या चित्रकाराने 1912 मध्ये रंगवल्या. त्याच्याविषयी वाचल्यापासून मला त्या पाहायच्या होत्या.

थेओफिलोस हाजीमिखाईल मूळचा लेस्वोस बेटावरचा. पाटलोणी सर्वत्र आल्या, तरी हा माणूस रोज फुस्तानेला घालून फिरे. कार्निव्हल आला की तो अलेक्झांडर होई: शिरस्त्राण, ढाल, आखूड अंगरखा, आणि मागे मॅसिडोनियन सैनिकांच्या वेषात गावची पोरे. वेष तो स्वतः बनवी. कॉफीची दुकाने, बेकऱ्या, घरे रंगवून द्यायचा आणि मोबदला म्हणून अनेकदा जेवण आणि थोडी वाइन घ्यायचा.

लोक त्याला हसत. एकदा शिडीवर उभा राहून काम करत असताना कुणीतरी गंमत म्हणून शिडी ओढली आणि तो खाली पडला, असे सांगतात. 1927 मध्ये तो लेस्वोसला परत गेला तो या जाचामुळेच, असे म्हणतात. 1934 मध्ये तिथेच वारला.

त्या घराच्या भिंतींवर स्वातंत्र्ययुद्धातले वीर ओळीने उभे आहेत, आणि त्यांच्या अंगावरचा पांढरा रंग पाहून मी थबकलो. शरीराची प्रमाणे चुकली आहेत, घोडे विचित्र आहेत. पण फुस्तानेलाची प्रत्येक चुणी वेगळी काढली आहे, करड्या रेघेने, न कंटाळता. जो माणूस रोज सकाळी ते कापड कमरेला बांधतो, त्यालाच त्याची घडी कुठे मोडते ते ठाऊक असते. अकादमीत शिकलेल्या चित्रकारांची याच वीरांची चित्रे मी अथेन्समध्ये पाहिली. त्यांत कापड चकाकते, पण ते कुणी घातले आहे असे वाटत नाही.

थेओफिलोसच्या शेवटच्या वर्षांत, पॅरिसला स्थायिक झालेल्या तेरियाद नावाच्या कलाप्रकाशकाची त्याच्यावर नजर गेली आणि त्याने त्याला कॅनव्हास व रंग पुरवले. 1961 मध्ये थेओफिलोसची चित्रे पॅरिसला लूव्हरमध्ये लागली. काही वर्षांतच तेरियादने लेस्वोसवर वारिया गावी, जिथे थेओफिलोस जन्मला, त्याच्या नावाचे संग्रहालय उभारले. सेफेरिस आणि एलितिस या दोन्ही नोबेल विजेत्या कवींनी त्याच्यावर लिहिले.

मी आता वारियाला जायचे ठरवले आहे. बोट पिरेउस बंदरातून रात्री सुटते. तिथून लिहीन. भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा भाऊ